वाचकांचे प्रश्न : टॉर ब्राउझर काय लपवतो आणि काय नाही

गेल्या अंकात आम्ही इंटरनेटवरच्या खासगीपणाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बरीचशी पत्रे ओळख न दाखवता इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर या एकाच सॉफ्टवेअरविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : घरात सगळ्यांचे मिळून एकच वायफाय आहे. माझ्या आजाराविषयी मी नेहमी इन्कॉग्निटो खिडकी उघडून वाचते. तरीही दोन दिवसांत त्याच औषधांच्या जाहिराती बहिणीच्या फोनवर दिसू लागल्या. मग इन्कॉग्निटो लपवते तरी काय? आणि टॉरने हे थांबेल का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

इन्कॉग्निटो तुमचा माग फक्त तुमच्याच लॅपटॉपवरून पुसते. खिडकी बंद केली की इतिहास आणि कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) जातात, बस. समोरच्या संकेतस्थळाला तुमच्या वायफायचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्या जोडणीचा क्रमांक, दिसतोच, आणि बहिणीचा फोनही त्याच पत्त्यावरून बाहेर पडतो. त्यावरून ही उपकरणे एकाच घरातली आहेत असा अंदाज जाहिरात कंपन्या बांधतात. शिवाय पडद्याचा आकार, बसवलेले फाँट, टाइमझोन, ग्राफिक कार्डाची चित्र काढण्याची पद्धत अशा बारीकसारीक गोष्टी जोडल्या की तुमच्या ब्राउझरचा एक ठसा तयार होतो. कुकी पुसल्या तरी तो ठसा तसाच राहतो. इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर खटला भरला गेला होता. २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत ती जुनी माहिती नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे काय? पत्त्यापाशी कुलूप असलेल्या, म्हणजे एचटीटीपीएस संकेतस्थळाचे नाव तिला सहसा दिसते, आतले पान दिसत नाही. पण नुसत्या नावावरूनही पुष्कळ कळते. भारतात डिसेंबर २०२१ पासून अशा जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे.

टॉरची रचना मुळातच वेगळी आहे. तिच्यामागची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली, जाळे २००२ मध्ये सुरू झाले आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते सांभाळते. जगभर स्वयंसेवकांनी चालवलेले काही हजार संगणक या जाळ्यात आहेत. त्यांना रिले म्हणतात. तुमचा ब्राउझर त्यांतले तीन निवडतो आणि मजकुरावर सांकेतिक लिपीचे तीन पापुद्रे चढवतो. प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एक पापुद्रा सोलतो. पहिल्याला तुमचा आयपी पत्ता कळतो, पण तुम्ही कुठे चालला आहात ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. शेवटच्याला म्हणजे एक्झिटला संकेतस्थळ कळते, पण कोण आले ते कळत नाही. तिघांपैकी एकाच्याही हाती दोन्ही टोके लागत नाहीत, यातच सगळे आले.

ब्राउझरच्या ठशावरचा उपाय असा, की टॉर ब्राउझर वापरणारे सगळे शक्य तितके एकसारखे दिसावेत. पानाभोवती करडी पट्टी दिसली तर तो बिघाड समजू नका. पडद्याचा खरा आकार कळू नये म्हणून पान ठरावीक मापात बसवलेले असते. जाहिरात रोखणारी किंवा इतर एक्स्टेन्शन वरून बसवू नका, त्याने तुम्ही गर्दीतून वेगळे दिसू लागता. मराठी वाचकांसाठी आणखी एक सूचना : सेटिंगमधल्या पसंतीच्या भाषांच्या यादीत मराठी घालू नका. ती यादी प्रत्येक संकेतस्थळाला कळवली जाते, आणि टॉरवरून येणाऱ्यांत मराठी मागणारे थोडेच असणार. यादी इंग्रजी ठेवली तरी देवनागरी पाने नीट वाचता येतात.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर : आजाराविषयी टॉरमध्ये वाचलेत तर वाचनाचा धागा तुमच्या वायफायशी जुळणार नाही. मात्र त्याच खिडकीत नेहमीच्या ईमेलमध्ये लॉगिन केलेत, तर त्या ईमेल कंपनीला तुम्ही कोण हे स्वतःच सांगितलेत.

प्रश्न : शेवटचा रिले चालवणारा माणूस माझा पासवर्ड वाचू शकतो असे ऐकले. खरे का? (सोलापूर)

एचटीटीपीएस नसेल तर वाचू शकतो. २००७ मध्ये एका स्वीडिश संशोधकाने स्वतःचे एक्झिट रिले चालवून दाखवून दिले, की भारतासह अनेक देशांच्या वकिलातींचे ईमेल पासवर्ड तिथून उघडे जात होते. टॉर बसवले की मजकूरही आपोआप झाकला जातो अशी त्या कर्मचाऱ्यांची समजूत असावी. आजचा टॉर ब्राउझर मुळातच फक्त एचटीटीपीएस जोडणी मागतो आणि ती नसेल तर थांबून इशारा देतो. तो इशारा आला की मागे फिरा.

प्रश्न : विंडोज संगणकावर टॉर ब्राउझर बसवला. पट्टी थोडी पुढे सरकते आणि थांबते. कॉलेजच्या वायफायवर तर अजिबातच जोडणी होत नाही. (नागपूर)

आधी घड्याळ बघा. जोडणी अडकण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि तेच कोणी तपासत नाही. टॉरच्या रिलेंची अधिकृत यादी दर तासाला नवी निघते आणि तिला मुदत असते. संगणकाचे घड्याळ काही तासांनी चुकले असेल, तर ती यादी त्याला शिळी किंवा अजून लागू न झालेली वाटते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की तारीख दर वेळी कित्येक वर्षे मागे जाते. तारीख, वेळ आणि टाइमझोन तिन्ही तपासा. वेळ बरोबर दिसते, पण टाइमझोन दुसऱ्याच देशाचा आहे, असेही होते.

घड्याळ ठीक असेल तर अँटिव्हायरस किंवा फायरवॉल टॉरला बाहेर जाऊ देते का ते बघा. तेही ठीक असेल, तर नेटवर्कच अडवते आहे. सगळ्या रिलेंचे पत्ते जाहीर असल्यामुळे कॉलेजला ते एका फटक्यात बंद करता येतात. त्यासाठी ब्रिज असतात. ब्रिज म्हणजे जाहीर यादीत नसलेला रिले. सेटिंगमध्ये ‘कनेक्शन’ या भागात जा आणि आधी स्नोफ्लेक निवडून पाहा. त्याची वाहतूक व्हिडिओ कॉलसारखी दिसते. तो रडतखडत चालला तर तिथूनच ओबीएफएस४ जातीचा ब्रिज मागवा. वेबटनेल हा ब्रिज नेहमीच्या एचटीटीपीएस वाहतुकीसारखा दिसतो, म्हणून कडक फायरवॉलमागे तो बऱ्याचदा उपयोगी पडतो. अर्थात कॉलेजच्या वायफायचे नियम तुम्ही मान्य करून सही केली असेल, तर तेही एकदा वाचून घ्या.

फाइल कुठून घेतलीत, हा पुढचा प्रश्न. टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग सोडून इतर कुठूनही घेऊ नका. सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळांवरच्या प्रतीत काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नाही. मूळ पानावर प्रत्येक फाइलशेजारी सहीची छोटी फाइल असते. ती जीपीजी या सॉफ्टवेअरने तपासता येते. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा, टॉर ब्राउझर विकसकांची चावी (त्यांची सही पडताळण्याची सांकेतिक फाइल) एकदा आयात करा आणि तपासणीची आज्ञा द्या. ‘गुड सिग्नेचर’ असे आले की फाइल अस्सल. त्याच्या खाली चावीवर विश्वास नोंदवलेला नसल्याचा इशारा येतो. पुष्कळ जण त्याला घाबरून काम अर्धवट सोडतात. त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की ती चावी खरी असल्याचे तुम्ही तुमच्या संगणकाला सांगितलेले नाही. चावीचा लांबलचक ठसा, म्हणजे तिची ओळख असलेली अक्षरे-अंकांची ओळ, मूळ पानावरच्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळवा, म्हणजे झाले.

प्रश्न : फोनवर चालते का? प्ले स्टोअरवर टॉर नावाची खूप ॲप दिसतात. (रत्नागिरी)

अँड्रॉइडवर चालते. प्रकाशक म्हणून ‘द टॉर प्रोजेक्ट’ लिहिले असेल तेच ॲप घ्या. नावात ‘टॉर’, ‘ओनियन’ किंवा ‘डार्क’ घातलेली बाकीची ॲप सोडून द्या. आयफोनसाठी टॉर ब्राउझर नाही. तिथे ओनियन ब्राउझर हे पर्यायी ॲप मिळते, पण ॲपलच्या नियमांमुळे ते सफारीच्याच इंजिनावर चालते आणि संगणकाइतके संरक्षण देऊ शकत नाही. टॉर ब्राउझरमध्ये स्क्रीनशॉट निघत नाही अशी तक्रार दोघांनी केली आहे. ती सुरक्षिततेची सोय आहे, सेटिंगमधून बदलता येते.

टॉर फक्त त्या ब्राउझरची वाहतूक झाकतो हे लक्षात ठेवा. त्याच वेळी शेजारी चालू असलेले व्हॉट्सॲप, नकाशे, खरेदीची ॲप नेहमीच्याच रस्त्याने जातात. तीही टॉरमधून न्यायची तर ऑर्बोट हे वेगळे ॲप आहे. पण ज्या ॲपमध्ये तुमचा फोन नंबर नोंदलेला आहे, तिथे आयपी पत्ता झाकून फारसे काही साधत नाही.

प्रश्न : फार हळू चालते. जिथे तिथे चित्रे ओळखायला लावतात, आणि बँकेने तर खातेच तात्पुरते बंद केले. सातबाऱ्याचे पानही उघडत नाही. (ठाणे)

बँक, आधार, आयकर, सातबारा ही कामे टॉरमध्ये करूच नका. तिथे तुम्ही नावानिशी जाता, लपवायचे काहीच नसते. उलट सकाळी जर्मनीतून आणि दुपारी रोमानियातून लॉगिन झालेले दिसले, तर बँकेने खाते थांबवणे रास्तच आहे. काही सरकारी संकेतस्थळे परदेशी आयपी पत्त्यांना दारातच अडवतात. ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा.

वेग कमी असतो, कारण मजकूर तीन रिले फिरून येतो आणि वाटेतले संगणक हजारो लोक वाटून वापरत असतात. एखादे पान अडले तर पत्त्याच्या पट्टीशेजारच्या सर्किटच्या (तीन रिलेंच्या वाटेच्या) खुणेवर दाबून ‘या साइटसाठी नवे सर्किट’ मागा. दोन-तीनदा केल्यावर सहसा मार्ग निघतो. ‘नवी ओळख’ हे बटण मात्र वेगळे आहे. ते सगळे टॅब बंद करते, कुकी पुसते आणि कोऱ्या पाटीने सुरुवात करते. एका कामावरून दुसऱ्या, त्याच्याशी संबंध जुळू नये अशा कामावर जाताना ते वापरा. अर्धवट लिहिलेला अर्ज असेल तर तो जाईल, हे ध्यानात ठेवून.

टोरंट, म्हणजे मोठ्या फायली लोकांनी एकमेकांकडून उतरवून घेण्याची पद्धत, टॉरवरून कधीही नको. टोरंटचे सॉफ्टवेअर तुमचा खरा आयपी पत्ता मजकुराच्या आतच घालून पाठवू शकते, आणि त्या ओझ्याने इतरांचाही रस्ता तुंबतो.

प्रश्न : मी व्हीपीएनचे वर्षाचे पैसे भरले आहेत. मग टॉर कशाला? की दोन्ही एकदम लावू? (पुणे)

व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी वाहतूक आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. तिच्यात मधला माणूस एकच असतो. तुम्ही कोण आणि कुठे गेलात, ही दोन्ही टोके त्या एका कंपनीच्या हातात असतात. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे तिचे म्हणणे, ते बाहेरून पडताळणे अवघड. भारतात तर सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, ईमेल आणि दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपायचे आहेत. त्या वर्षी नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क आणि प्रोटॉन यांनी आपले भारतातले सर्व्हर काढून घेतले ते याच कारणाने. विमानतळाच्या वायफायवर किंवा ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन उत्तम आहे. ओळख लपवण्यासाठी त्यावर विसंबू नका.

दोन्ही एकत्र लावायची बहुतेकांना गरज नसते. तुम्ही टॉर वापरता हे इंटरनेट कंपनीपासून लपवायचे असेल, तर ब्रिज त्यासाठीच आहेत. आणि टॉरच्या आतून व्हीपीएन लावू नका, कारण त्याने बाहेर पडायची जागा कायमची एकच होते आणि ती तुमच्या नावाने पैसे भरलेली असते.

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या खरेदीत गैरव्यवहार दिसतो आहे. कागद एका वृत्तपत्राला पाठवायचे आहेत. टॉरवरून पाठवले तर मी सुरक्षित आहे का? (विदर्भ)

तुमचे पत्र आम्ही सर्वांत जास्त वेळ वाचले. टॉर तुमचा आयपी पत्ता लपवील, पण अशा प्रकरणात माणूस आयपी पत्त्यावरून क्वचितच सापडतो.

२०१३ च्या डिसेंबरात हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी टॉरवरून पाठवली गेली. पाठवणारा दोन दिवसांत सापडला. टॉर फुटले नव्हते. त्या वेळेला विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर वापरणारे किती होते, एवढेच तपासणाऱ्यांनी पाहिले. ते मोजकेच होते. तो गुन्हा होता आणि तो पकडला गेला हे चांगलेच झाले, पण हे गणित प्रामाणिक माणसालाही तसेच लागू पडते. म्हणून कार्यालयाचा संगणक, कार्यालयाचे वायफाय, कार्यालयाने दिलेला फोन यांतले काहीच वापरू नका. कार्यालयीन वेळेतही नको.

आता मुख्य गोष्ट. ते कागद किती जणांनी पाहिले आहेत? तिघांनीच पाहिले असतील, तर छापून आल्या दिवशी संशयित तीनच उरतात. कोणी कधी फाइल उघडली, कोणी छापली, याच्या नोंदी सर्व्हरवर आणि मोठ्या प्रिंटरमध्येही राहतात. त्यामुळे ‘पुरावा गोळा करू’ म्हणून आता नव्याने फायली उघडत सुटू नका. ज्या कागदावर तुमच्या प्रतीचीच खूण आहे, पेनाची टीप, जावक क्रमांक, स्कॅनरच्या काचेवरचा ठरावीक डाग, तो तसाच पाठवू नका. पुष्कळ रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिकट पिवळे, डोळ्यांना न दिसणारे ठिपके छापतात. त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छापल्याची वेळ दडलेली असू शकते.

फाइलच्या पोटातही माहिती असते. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचे नाव, फोटोत फोनचे मॉडेल आणि अनेकदा ठिकाण. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफमध्ये फाँटचे नाव तसेच राहते, आणि अमुक फाँट कोणत्या टेबलावर आहे हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असते. टेल्स नावाची संपूर्ण कार्यप्रणाली यासाठी बरी. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती बसते, संगणक त्यावरूनच सुरू होतो, सगळी वाहतूक टॉरमधून जाते आणि बंद केल्यावर त्या संगणकाच्या डिस्कवर काही उरत नाही. आतली लपलेली माहिती पुसण्याचे साधनही तिच्यात आहे. ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपच्या मॅकवर ती चालत नाही. कुठूनही डाउनलोड केलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल इंटरनेट चालू असताना टॉरच्या बाहेर उघडू नका. ती स्वतःहून एखादा दुवा उघडू शकते आणि तुमचा खरा पत्ता बाहेर जाऊ शकतो.

सोबतचे पत्र मराठीत लिहायचे तर ऑनलाइन लिप्यंतराच्या पानावर टंकू नका. तिथे प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊन येतो. टेल्समध्ये किंवा विंडोजमध्ये देवनागरी कळफलक असतो, तो वापरा. आणि पत्र आखडते ठेवा. तुमची बोली, ठेवणीतले शब्द, टिप्पणीत नेहमी वापरत असलेली वाक्ये सहकाऱ्यांच्या कानाला लगेच ओळखू येतात.

वृत्तपत्राकडे सिक्युअरड्रॉप असेल तर तेच वापरा. वृत्तसंस्थांनी निनावी कागद स्वीकारण्यासाठी ते बनवलेले आहे आणि ते टॉरमध्येच उघडते. त्याचा पत्ता ‘डॉट ओनियन’ने संपतो आणि त्याआधी ५६ अक्षरे असतात. तो वृत्तपत्राच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. ती सोय नसेल, तर टॉरमध्येच, फोन नंबर न देता, एक नवे ईमेल खाते उघडा आणि ते या एकाच कामापुरते ठेवा. ते एकदा जरी टॉरच्या बाहेर उघडलेत तरी सगळी मेहनत वाया जाईल.

पाठवण्याआधी एखाद्या वकिलाशी प्रत्यक्ष भेटून बोला. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही. त्याचे छत्र डोक्यावर आहे असे धरून चालू नका. जे कागद माहिती अधिकारात दुसऱ्या कोणाला मागता येतील, ते त्या वाटेने बाहेर येणे तुमच्यासाठी जास्त सुरक्षित आहे.

प्रश्न : नवरा रोज माझा फोन तपासतो. मदत कुठे मिळेल हे शोधायचे आहे. टॉर लावले तर त्याला कळेल का? (गाव कळवलेले नाही)

हो ताई, कळू शकते. ॲपचे चिन्ह दिसेल, डाउनलोडची नोंद राहील. त्याने फोनवर पाळत ठेवणारे ॲप बसवले असेल, तर ते पडदाच वाचते. तिथे टॉरचा उपयोग नाही. म्हणून या फोनवर काहीही बसवू नका आणि एकाएकी काही पुसूही नका. इतिहास अचानक कोरा दिसला तर संशय वाढतो. पाळतीचे ॲप सापडले तरी लगेच काढू नका. ते काढल्याचे त्याला कळते, आणि तो पुरावाही आहे.

दुसऱ्याचा फोन वापरा : मैत्रिणीचा, शेजारणीचा, अंगणवाडीताईंचा. महिला हेल्पलाइन १८१, तातडी असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. १८१ वर विचारलेत तर तुमच्या भागातल्या अधिकाऱ्यांपर्यंत कसे पोहोचायचे ते सांगतील.

प्रश्न : हे सगळे कायदेशीर आहे का? मी दुबईत नोकरी करतो. (दुबई, मूळ गाव सातारा)

भारतात टॉर वापरण्यावर बंदी घालणारा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी व्हीपीएनवर तात्पुरती बंदी घातली आहे. अशा ठिकाणी आधी स्थानिक आदेश बघावा. टॉरवरून केलेला गुन्हा हा गुन्हाच, त्यात सूट नाही.

तुमच्याकडचा कायदा कडक आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. तिथे इंटरनेटवरून फोन करण्यावरही बंधने आहेत, त्यामुळे घरी बोलण्यासाठी म्हणून केलेली खटपटही अंगाशी येऊ शकते. तिथे राहून हे प्रयोग करू नका.

प्रश्न : मला या जाळ्याला हातभार लावायचा आहे. घरच्या फायबरवर रिले चालवू का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, अमरावती)

एक्झिट रिले घरून चालवू नका. त्यातून कोणी गुन्हा केला तर तपासात तुमच्या घरचा आयपी पत्ता निघेल आणि पोलीस तुमच्याच दारी येतील. मधला रिले कायद्याच्या दृष्टीने सोपा, पण त्याला दोन्ही दिशांना किमान १० एमबीपीएस वेग लागतो, महिन्याला किमान १०० जीबी बाहेर आणि तितकेच आत जाते, आणि स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती जोडण्यांत एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे रिले चालतच नाही. शिवाय रिलेचा पत्ता जाहीर यादीत जातो आणि काही संकेतस्थळे तो सरसकट अडवतात, त्यामुळे घरच्यांचे बँकेचे काम खोळंबते.

त्याऐवजी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये स्नोफ्लेकचे एक्स्टेन्शन बसवा. ज्या देशांत टॉर अडवले जाते तिथली माणसे तुमच्या ब्राउझरमधून टॉरच्या जाळ्यापर्यंत पोहोचतात. ती पुढे कुठे जातात ते तुम्हाला दिसत नाही आणि संकेतस्थळांना तुमचा पत्ता दिसत नाही. चिन्ह जांभळे असेल तर एक्स्टेन्शन तयार आहे, हिरवे झाले की कोणीतरी या घडीला तुमच्यामार्फत जोडलेले आहे. डेटाची रोजची मर्यादा असेल तर ती आधी बघून घ्या, आणि मोबाइल हॉटस्पॉटवर असताना ते बंद ठेवा.